चौसष्ट ठिपके

उद्यमनगरात पंप नेमका कुठं तयार होतो
असं कुणी विचारलं तर मी सांगत बसत नाही,
लूनाच्या मागं बसवतो आणि फिरवून आणतो.

पॅटर्न सुताराकडं. ओतकाम शिरोलीला, रात्रपाळीत.
तिथनं फेटलिंगला, मग लेथ, मग बोअरिंग,
मग होलं मारायला त्या गाळ्यात, जिथं एकच बल्ब आहे,
मग रंग, मग टेंपो.
प्रत्येकाला फक्त शेजारचा माहीत.
आख्खा पंप कुणीच केलेला नाही.
चलनाच्या प्रती तीन, पांढरी, गुलाबी, पिवळी.
पिवळी माझ्याकडं.
सत्तावीस वर्षं पिवळी माझ्याकडं.

मगदूमांची संमती पुण्यात शिकून आली,
लॅपटॉप मांडीवर घेऊन म्हणाली, काका, चलनं दाखवा.
आठवडाभर पिवळे कागद भरत राहिली
आणि एका दुपारी स्क्रीनवर आम्ही सगळे उगवलो,
चौसष्ट ठिपके, मध्ये रेघा,
जाड रेघ म्हणजे जास्त माल.
"ह्यातला एक कुठलाही काढा," ती म्हणाली,
आणि बोटानं पुसला एक.
रेघा थरथरल्या, बाजूनं वळल्या, शांत झाल्या.
मला बरं वाटलं,
डॉक्टरनं माझ्याच छातीचं काही सांगावं तसं.

त्याच बुधवारी बाबालाल शिकलगार मिरजेला गेला.
लेकीचं पहिलं बाळंतपण, अडलेलं.
तीन फूट रुंदीचं शटर खाली.

गुरुवारी काहीच झालं नाही.
शुक्रवारी होलं जरा खरबरीत.
शनिवारी सर्जेरावचं ड्रिल कास्टिंगमध्येच मोडलं,
आणि त्यानं ज्याला शिवी दिली तो लोखंडवाला होता.
सोमवार सुट्टीचा.
मंगळवारी चाळीस हाउसिंग रिजेक्ट,
रंगाच्या डब्यावर साय धरलेली,
शिरोलीत एक भट्टी पेटलीच नाही,
चहावाल्या सिद्धूनं दूध निम्मं मागवलं.
जो तो शेजारच्याकडं बोट दाखवत होता
आणि शेजारचा खरंच निर्दोष होता.

स्क्रीनवर मात्र चौसष्टच्या चौसष्ट ठणठणीत.
"काका, अडलंय कुठं?"
मी बाबालालचं नाव घेतलं.
एका ड्रिलला आठ रुपये. पोरं खिशातनं आणायची,
खिशातनं न्यायची.
तिनं पासष्टावा ठिपका दिला आणि विचारत विचारत रेघा ओढल्या,
केसासारख्या बारीक, जवळजवळ प्रत्येक गाळ्यापर्यंत.
"हे चलनात नव्हतं," ती म्हणाली.
धार चलनात कशी यायची, पोरी.

पुढचं मी बघितलं, पण कळलं म्हणणार नाही.
कुणीतरी सांगलीहून इन्सर्टचा खोका आणला.
कुणाच्या तरी भाच्यानं जिन्याखाली ग्राइंडर बसवला.
सर्जेराव स्वतःच घासायला शिकला, वाकडंतिकडं.
बैठक झाली नाही. कुणी ठरवलं नाही.
गुळाची ढेप उचलली की मुंग्यांची रांग विस्कटते
आणि दिवेलागणीला दुसऱ्याच कोपऱ्यातनं चालू असते.
बाराव्या दिवशी टेंपो भरून गेला.
सगळे म्हणाले, बघा, सुटलं आपोआप.

तेराव्या दिवशी बाबालाल आला, पेढे घेऊन. नात झाली होती.
शटर वर केलं, दगडावर पाणी मारलं, बसला.
दहा वाजले. अकरा वाजले.
"आज सुट्टी हाय व्हय रं?"

मी काय सांगणार होतो.
रेघांचं सांगू? की त्या बाजूनं वळतात, ते?
लूनाच्या पिशवीत तळाशी एक अर्धा इंची ड्रिल होतं,
कुणाचं कोण जाणे, कुठल्या चलनात नसलेलं.
ते त्याच्यापुढं ठेवलं.
त्यानं उजेडाला धरलं, जिभेनं च्यक केलं,
"कुणी लावलीया ही धार? कोनच चुकलाय."
आणि दगड फिरवला.

आठ रुपये दिले.
पावती त्यानं दिली नाही,
मी मागितली नाही.